थिनर म्हणजे रामबाण औषध नव्हे



आपल्या पत्रिकेत व्हिसाचे नियम येतात, शाळाप्रवेशाची माहिती येते, चांगले बेसन कुठे मिळते हेही येते, आणि ते सगळे यावेच. पण मोटारीच्या पत्र्याला प्रायमर मारताना स्प्रे गन रुसली तर काय करावे, असा विषय पाहून काहींच्या भुवया उंचावतील. हा काय पत्रिकेचा विषय झाला? आमचे म्हणणे असे की, आता झाला आहे. जपानला येणारा मराठी माणूस म्हणजे संगणकवाला किंवा बँकवाला, हे चित्र अपुरे आहे. भारत आणि जपान यांच्यात तंत्र-प्रशिक्षणार्थींबाबत २०१७ साली करार झाला आणि ‘तोकुतेई गिनो’ व्हिसाबाबत २०२१ साली. आयटीआय करून इथल्या कारखान्यांत आणि वर्कशॉपमध्ये येणारी मुले आता आपल्यातही दिसू लागली आहेत. फवाऱ्याने रंग मारणे हे या प्रशिक्षणाच्या यादीतले एक अधिकृत काम आहे. मंडळाच्या कार्यक्रमात ही मुले मागच्या रांगेत बसतात आणि पंगत वाढायची वेळ आली की सर्वांत आधी उठतात. हे पान मुख्यतः त्यांच्यासाठी. जुनी गाडी घेऊन, होम सेंटरमधून छोटा कॉम्प्रेसर आणून रविवारी हात काळे करणारे काही गृहस्थही आपल्यात आहेत, त्यांच्यासाठी शेवटी थोडे लिहिले आहे.

आम्ही म्हणजे दोघे-तिघे, भोसरी आणि सातपूरकडे गन हातात धरायला शिकलेले आणि पुढे इथल्या ‘बानकिन तोसो’च्या, म्हणजे आपल्या भाषेत डेंटिंग-पेंटिंगच्या, दुकानांत राबलेले. आमचे मत सरळ आहे. प्रायमर नीट बसत नसेल तर पहिला हात थिनरच्या डब्याकडे जाऊ नये. आधी गन पाहावी, मग हवा पाहावी आणि रंगाकडे सर्वांत शेवटी वळावे.

आपल्याकडच्या गॅरेजमध्ये ‘थोडा थिनर मार’ हे उत्तर इतके अंगवळणी पडले आहे की, त्याला कोणी प्रश्नच विचारत नाही. गन थुंकते आहे, मार थिनर. संत्र्याच्या सालीसारखा पोत येतोय, मार थिनर. पण इथे ज्याला ‘पुरासाफु’ म्हणतात तो प्रायमर-सरफेसर मुद्दाम जाड बनवलेला असतो. त्यात भुकटीचे प्रमाण भरपूर असते, कारण वॉटर पेपरचे चरे आणि लांबीच्या कडा भरून काढणे हेच त्याचे काम. तो पातळ केला की गन गपचूप चालते खरी, पण प्रत्येक हात उथळ बसतो. मग एक हात जास्त मारावा लागतो, आत अडकलेला थिनर सावकाश बाहेर पडतो आणि आठ-पंधरा दिवसांनी वरच्या चकचकीत रंगातून खालचे चरे डोके वर काढतात. तोवर गाडी गिऱ्हाइकाच्या दारात उभी असते. ती परत आली की बोट कोणाकडे दाखवले जाते, हे सांगायला नको. गन मात्र जशी नादुरुस्त होती तशीच राहिलेली असते.

आता मुख्य दुखणे. गनमधून फवारा एकसारखा न येता थांबत-थांबत, धडधडत येतो. याला जपानी कारागीर ‘इकिगिरे’ म्हणतात. शब्दशः अर्थ, दम तुटणे. मराठीत ‘गनला धाप लागली’ म्हटले तर नेमके तेच. वरिष्ठ लांबून ओरडतो, ‘इकिगिरे शितेरु’, आणि नवीन मुलगा ‘हाय’ म्हणून मान डोलावतो, कारण हा शब्द त्याला वर्गातल्या जपानीत भेटलेला नसतो. काहीतरी चुकले एवढेच कळते आणि हात डब्याकडे जातो.

(जाता जाता एक गंमत. हवेच्या जोरावर द्रवाचा फवारा करणारे डेव्हिलबिस हे नाव आपल्या धंद्यात जगभर माहीत आहे. अमेरिकेत ओहायोतल्या टोलेडो गावी ॲलन डेव्हिलबिस हे घशाचे डॉक्टर होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी घशात औषध फवारण्याचे यंत्र काढले. पुढे त्यांचा मुलगा थॉमस याने त्याच तत्त्वावर रंगाची गन बनवली. गनच्या दुखण्याला धाप म्हणणे म्हणूनच आम्हाला फारसे वावगे वाटत नाही.)

धाप लागण्याचे कारण बहुधा एकच असते. रंगाच्या वाटेत जिथे हवा जायला नको तिथे ती शिरते, किंवा जिथे जायला हवी तिथे जात नाही. वर कप असलेली गन असेल तर आधी कपाच्या झाकणाचे बारीक भोक पाहावे. वाळलेल्या प्रायमरने ते बुजलेले असते. खालून रंग जातो, वरून हवा आत येत नाही आणि प्रवाह अडतो. उलट्या बाटलीतून पाणी डुबुक-डुबुक पडते, तसलाच प्रकार. हे भोक पाहायला पाच सेकंद लागतात आणि एक येनही खर्च होत नाही. रंग तळाला गेला आहे का आणि कप गनवर घट्ट बसला आहे का, हेही त्याच दमात पाहून घ्यावे.

मग ट्रिगर ओढून कपात डोकवावे. (डोळ्यांना चष्मा हवाच.) रंगात बुडबुडे येत असतील तर हवा उलटी कपाकडे जाते आहे. म्हणजे नोझल गनच्या अंगात नीट टेकलेले नाही. सैल असेल तर पान्याने आवळावे. तरी बुडबुडे थांबले नाहीत तर नोझल काढून त्याची निमुळती बैठक पुसावी. तिथे वाळलेल्या रंगाचा कण असतो, नाहीतर चीर असते. कण पुसून निघतो. चीर असेल तर नोझल बदलण्याखेरीज इलाज नाही.

बुडबुडे नाहीत, तरीही धाप आहे? मग मागच्या बाजूला नीडलभोवतीचे पॅकिंग पाहावे. ते सुकले की तिथून हवा ओढली जाते. गनसाठीच्या तेलाचा, सिलिकॉन नसलेल्या तेलाचा, एक थेंब सोडावा आणि पॅकिंगचा नट किंचित आवळावा. किंचितच. जास्त आवळला तर नीडल परत येताना अडते, ट्रिगर सोडल्यावरही नोझलमधून रंग ठिबकत राहतो, आणि एक दुखणे बरे करताना दुसरे ओढवते.

एवढे सगळे झाल्यावरच रंगाच्या जाडीचा विचार करावा. तेव्हाही आधी डबा तळापासून ढवळावा, कारण प्रायमरची भुकटी खाली बसते आणि वरवर ढवळले तर पहिल्या कपात पाणी आणि शेवटच्या कपात चिखल येतो. गाळणीतून गाळावा. जाडी मोजायला इथे बहुधा इवाताचा एनके-२ कप वापरतात आणि तो किती सेकंदांत रिकामा होतो ते पाहतात. आपल्याकडच्या फोर्ड कपचे सेकंद इथे लावू नयेत, दोन्हींची भोके वेगळी आहेत. नागानोसारख्या थंड भागात हिवाळ्यात रंग थंडीनेच घट्ट झालेला असतो. त्याला थिनर नको, ऊब हवी. डबा आदल्या दिवशीच उबदार खोलीत आणून ठेवावा, शेगडीजवळ मात्र कधीही नाही. आणि नोझल तरी प्रायमरचे आहे ना? वरच्या रंगाला १.३ मिलिमीटरचे नोझल चालते. जाड प्रायमरला बहुधा १.५ ते १.८ लागते. लहान भोकातून जाड माल ढकलायचा आणि मालाला दोष द्यायचा, हा अन्याय आहे.

दुसरे दुखणे फवाऱ्याच्या आकाराचे. भिंतीवर मास्किंगचा कागद चिकटवावा, एअर कॅप फिरवून पट्टा आडवा करावा आणि ओघळ येईपर्यंत एका जागी मारावे. ओघळ सगळीकडे सारखे आले तर गन ठणठणीत आहे. पट्टा चंद्रकोरीसारखा वाकला किंवा एका बाजूला जड झाला तर कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा मारावे. कोर उलटली तर घाण कॅपमध्ये आहे. कोर जिथल्या तिथे राहिली तर दोष नोझलमध्ये किंवा नीडलमध्ये. एवढी साधी परीक्षा, पण ती माहीत नसल्यामुळे गनचा एकूण एक भाग सुटा करून बसलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

पट्टा दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये विरळ झाला तर हवा जास्त आहे किंवा रंग कमी पडतो आहे, नाहीतर तो आधीच फार पातळ आहे. इथे थिनर ओतणे म्हणजे आगीत तेल. मध्ये जाड आणि कडेला विरळ असेल तर हवेचे प्रेशर कमी असण्याचा संभव अधिक.

प्रेशरवरून आठवले. जपानात जुन्या गेजवर किलोग्रॅम-फोर्सचे आकडे असत. मोजमापाच्या नव्या कायद्यानुसार त्यांची मुदत १९९९ साली संपली आणि मेगापास्कल आले. आपल्याकडे पीएसआय. ०.२ मेगापास्कल म्हणजे जुने साधारण २ किलो, म्हणजेच साधारण २९ पीएसआय. हे तीन आकडे लॉकरच्या दाराला आतून चिकटवून ठेवावेत. आणि प्रेशर वाचायचे ते गनच्या मुठीशी, ट्रिगर ओढलेला असताना. भिंतीवरच्या रेग्युलेटरवर काटा छान दिसतो, पण लांब आणि बारीक पाइपातून येताना त्यातले बरेच वाटेतच संपते.

आता पाणी. कोकणातल्या माणसाला दमट हवेबद्दल काय सांगावे! पण हिशेब पाहण्यासारखा आहे. जून-जुलैच्या ‘त्सुयु’त ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. कॉम्प्रेसरने तीच हवा ०.७ मेगापास्कलपर्यंत दाबली आणि ती पुन्हा ३० अंशांवर आली की तिच्यात ४ ग्रॅमही वाफ राहू शकत नाही. उरलेले २० ग्रॅम पाणी होऊन टाकीत आणि पाइपात उतरते. मिनिटाला २५० लिटर हवा खाणारी गन तासभर चालली तर सुमारे ३०० ग्रॅम, म्हणजे दोन कप चहाइतके पाणी झाले. त्याचे थेंब प्रायमरवर पडले की फोड येतात, आणि प्रायमरखालच्या पत्र्याला गंज चढायला लागतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ टाकीचा ड्रेन उघडायचा. पाण्याचा फिल्टर कॉम्प्रेसरला खेटून लावायचा नाही. तिथे हवा गरम असते, वाफ वाफच राहते आणि फिल्टरमधून आरामात निघून जाते. मधे काही मीटर लोखंडी पाइप असला, की हवा निवते आणि मग फिल्टरला पकडायला काही मिळते. शंका असेल तर गनला कप न लावता नुसती हवा स्वच्छ आरशावर सोडावी. ओल किंवा तेलाचा डाग दिसला तर गनचा दोष नाही, रंगाचाही नाही.

रंग फाटून माशाच्या डोळ्यासारखी गोल छिद्रे पडतात, त्याला इथे ‘हाजिकी’ म्हणतात. ते तेल किंवा सिलिकॉनचे काम, बहुधा टायर-पॉलिशचे. ‘युझु-हादा’ म्हणजे आपली संत्र्याची साल, फक्त फळ वेगळे. ‘तारे’ म्हणजे ओघळ. दमट हवेत लवकर उडणारा थिनर वापरला की लॅकर प्रायमरवर पांढरट धुके येते, ते ‘काबुरी’. थिनर हवामानाप्रमाणे वेगवेगळ्या जातींचा मिळतो. तेव्हा थिनरचा प्रश्न आलाच, तर तो किती घालायचा हा नसून कोणता घालायचा हा आहे.

गन धुण्याबद्दल. टू-पॅक प्रायमरमध्ये हार्डनर पडला, की घड्याळ सुरू होते. जेवणाच्या सुट्टीत गन तशीच टांगून ठेवली तर आतला माल गोठतो, आणि गोठलेला माल थिनरने विरघळत नाही. म्हणून काम संपताच धुवावी. इथे एक सुंदर पद्धत आहे, तिला ‘उगाइ’ म्हणजे गुळण्या म्हणतात. कपात थोडा थिनर घ्यायचा, झाकण लावायचे, प्रेशर कमी करायचे, एअर कॅप दोन-तीन फेरे सैल करून तोंडावर जाड फडके धरायचे आणि ट्रिगर किंचित ओढायचा. हवा उलटी फिरून कपात गुडगुडते आणि वाटेतला रंग सुटा होतो. पूर्ण उघडायची असेल तर आधी नीडल काढावी, नंतर नोझल. जोडताना बरोबर उलटे. सबंध गन थिनरच्या बादलीत बुडवून ठेवू नये, पॅकिंगचा सत्यानाश होतो. कॅपच्या भोकात तार खुपसणे तर गुन्हाच मानावा. ते भोक अचूक मापाचे असते, तारेने ओरखडले की फवारा कायमचा वाकडा.

यापुढचे जे लिहितो आहोत, ते गनहून महत्त्वाचे आहे. युरेथेन प्रायमरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याने दमा जडू शकतो. एकदा शरीराने त्याच्याशी वैर धरले की पुढे अगदी अल्प प्रमाणानेही छाती भरते, आणि मग हा धंदाच सोडावा लागतो. खोकला कधीकधी काम संपल्यावर काही तासांनी, रात्री येतो, त्यामुळे कामाशी संबंध लक्षात येत नाही. त्याचा वास घातक पातळीच्या नंतरच जाणवतो, म्हणून ‘वास येत नाही, म्हणजे ठीक आहे’ हा भरवसा खोटा. कागदी किंवा कापडी मास्क इथे शून्य उपयोगाचा. पाइपातून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क सर्वांत उत्तम. शिवाय दर वेळी जादा ओतलेला थिनर शेवटी आपल्याच श्वासात जातो, हे आमच्या मताचे आणखी एक कारण.

मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना हे माहीत असावे की, जपानात सेंद्रिय द्रावकांबाबतचा नियम १९७२ पासून आहे. त्या नियमाखाली येणाऱ्या कामांवर प्रशिक्षित काम-प्रमुख, ‘साग्यो शुनिन्शा’, नेमलेला असावा लागतो. कामावर घेताना आणि नंतर सहा महिन्यांतून एकदा ‘तोकुशु केन्को शिन्दान’, म्हणजे विशेष आरोग्य तपासणी, करावी लागते. व्यवस्था उत्तम असल्याचे निकष जिथे पूर्ण होतात, तिथे २०२३ पासून ती वर्षातून एकदा चालते. खर्च मालकाचा. निकाल कामगाराला कळवावा लागतो. टोल्युइन, झायलिन यांच्या कामात लघवीचीही तपासणी असते. रंगकामातल्या इथाइलबेंझिनवर २०१३ पासून वेगळे निर्बंध आहेत. आमच्यातल्या एकाला एका दुकानात (नाव नको) दोन वर्षे ही तपासणी कोणी सुचवली नाही, त्यानेही विचारली नाही, कारण असे काही असते हेच ठाऊक नव्हते. मुले परक्या देशात भिडेपोटी बोलत नाहीत. ज्यांची जपानी चांगली आहे आणि ज्यांना कार्यालयीन कागद वाचायची सवय आहे, अशी मंडळी आपल्या सभासदांत भरपूर आहेत. महिन्यातला एक तास त्यांनी या मुलांच्या कागदांसाठी द्यावा, असा आमचा आग्रह आहे.

रविवारच्या गृहस्थांसाठी दोन शब्द. घरगुती १०० व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर मिनिटाला ५०-१०० लिटर हवा देतो, आणि मोठी गन २०० हून अधिक मागते. काही सेकंदांत प्रेशर पडते आणि धाप लागल्यासारखे दिसते. ती गनची धाप नव्हे, कॉम्प्रेसरची. लहान गन घ्यावी आणि लहान तुकडा करावा. नागोयाहून किंवा ओसाकाहून बदली होऊन तोक्योला आलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. तिकडे वीज ६० हर्ट्झची आहे, इकडे ५० ची. इंडक्शन मोटरचा कॉम्प्रेसर इथे साधारण सहाव्या हिश्श्याने हळू फिरतो आणि हवाही तेवढी कमी देतो. आणि हार्डनरवाला युरेथेन प्रायमर घरी मारूच नये, बाल्कनीत तर नाहीच. ती शेजाऱ्यांची संकटकाळची वाट असते. निइगाताकडच्या रस्त्यावरच्या मिठाने आलेला नाण्याएवढा गंज घासून, मोकळ्या हवेत, डब्यातल्या एक-घटकी प्रायमरने झाकणे इतपत ठीक. त्याहून मोठे काम दुकानात द्यावे.

पुढच्या मेळाव्यात आम्ही एका टेबलावर दोन जुन्या गन उघडून ठेवणार आहोत. एक धाप लागलेली, एक ठिबकणारी. ज्यांना हाताळून पाहायच्या आहेत त्यांनी जेवणाआधी यावे. वरिष्ठाला विचारायचे वाक्यही तिथे पाठ करून घेऊ: ‘गान ओ मिते मो ई देसु का’, म्हणजे ‘गन तपासून पाहू का?’ थिनर कोणी आणू नये. सभागृहाच्या नियमांत बसत नाही.